परक्या रुग्णाचे दप्तर वाचताना

पाकिटावर ‘मु. पो. हिंजवडी, ता. मुळशी, जि. पुणे’ असा पत्ता लिहून आतल्या पत्राच्या माथ्यावर ‘ता. ५ जून’ असे लिहिणाऱ्या मराठी माणसाला, आपण एकच अक्षर एकदा तालुक्यासाठी आणि एकदा तारखेसाठी योजिले, याची जाणीवसुद्धा होत नाही. आणि ते पत्र ज्याच्या हाती पडते तोही, मुळशी ही तारीख की पाच जून हा तालुका, अशा संभ्रमात कधी सापडत नाही. पत्ता कोठे लिहावयाचा, तारीख कोठे घालावयाची, मुळशी हे कशाचे नाव, हे सारे त्याला आधीच ठाऊक असते आणि त्या ठाऊक असण्यामुळेच एका अक्षराचे दोन अर्थ त्याला न शोधता सापडतात. वैद्यकीय कागदपत्रांतील संक्षेप शिकू पाहणाऱ्या तरुणतरुणींना मला जे सांगावयाचे आहे ते मुख्यतः एवढेच आहे: संक्षेप पाठ करण्याआधी तो ज्या गावात राहतो त्या गावाची माहिती करून घ्यावी.

म्हातोबाच्या बगाडासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध असलेले हिंजवडी हे गाव, औद्योगिक विकास महामंडळाने तेथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क वसविल्यापासून, संगणकाच्या कचेऱ्यांचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. परंतु त्या कचेऱ्यांत केवळ प्रोग्राम लिहिणारे अभियंतेच बसतात, असा जो सार्वत्रिक समज आहे तो खरा नव्हे. अमेरिकेतील एखाद्या डॉक्टराने आपल्या रुग्णाविषयी लिहून ठेवलेला मजकूर वाचावयाचा, त्यातील निदानांना व उपचारांना ठरावीक अंकाक्षरांचे संकेत लावावयाचे आणि त्या संकेतांच्या आधारे विमा कंपनीकडून पैसे वसूल होतील अशी तजवीज करावयाची, हा मेडिकल कोडिंगचा व्यवसाय आता पुण्याच्या या पश्चिम टोकाला चांगलाच रुजला आहे. या कामावर येणाऱ्यांत जीवशास्त्राचे पदवीधर, फार्मसी झालेले, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि आयुर्वेद किंवा होमिओपॅथीची पदवी घेऊनही दवाखाना न थाटलेले पुष्कळ असतात. पूर्वी याच जातीचे काम ट्रान्सक्रिप्शनच्या रूपाने आपल्याकडे आले होते; आपले घड्याळ न्यूयॉर्कच्या घड्याळाच्या हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे असल्यामुळे, तिकडच्या डॉक्टराने संध्याकाळी ध्वनिमुद्रित केलेली टिपणे तो झोपेत असताना येथे उतरवून सकाळी त्याच्या टेबलावर हजर करता येत. आता बोललेले शब्द यंत्रच लिहून काढू लागले आहे, आणि माणसाकडे उरले आहे ते अर्थ लावण्याचे, म्हणजे अधिक जोखमीचे काम.

कामावर रुजू झालेल्या नवशिक्याच्या हाती बहुधा पहिल्याच आठवड्यात संक्षेपांची एक लांबलचक यादी पडते, आणि शाळेत सनावळ्या पाठ केलेल्या आपल्या पिढ्यानपिढ्यांच्या सवयीनुसार तोही ती अक्षरानुक्रमे घोकू लागतो. हा मार्ग मला मुळीच पसंत नाही. यादी एका संक्षेपासमोर एक अर्थ मांडते, आणि चार्टमध्ये, म्हणजे रुग्णाच्या दप्तरात, मात्र त्याच संक्षेपाला तीन तीन अर्थ असतात. ‘एमएस’ म्हणजे हृदयरोगतज्ज्ञाच्या लेखी मायट्रल स्टेनोसिस, मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाच्या लेखी मल्टिपल स्क्लेरोसिस, आणि औषधांच्या पत्रकात तो मॉर्फिन सल्फेटही असू शकतो. ‘पीटी’ हा कोठे पेशंट, कोठे फिजिकल थेरपी, तर प्रयोगशाळेच्या अहवालात रक्त गोठण्यास लागणारा प्रोथ्रॉम्बिन टाइम. ‘आरए’ म्हणजे संधिवात, हृदयाचा उजवा कर्णिका-कप्पा, किंवा नळीने प्राणवायू न देता खोलीतल्या साध्या हवेवर असलेला रुग्ण. ‘टी-४’ हे थायरॉइडचे संप्रेरक आहे, पाठीच्या कण्यातील छातीच्या भागाचा चौथा मणका आहे, आणि कर्करोगाच्या गाठीची एक अवस्थाही आहे. ‘सीसी’चे तर विचारूच नये: टिपणीच्या आरंभी ती रुग्णाची मुख्य तक्रार असते, जुन्या धाटणीच्या औषधपत्रकात ती घनसेंटिमीटर असते, आणि रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या बिलाच्या हिशेबात तिचा अर्थ मूळ आजाराबरोबरची गुंतागुंत किंवा दुसरा सहव्याधी असा होतो. यादी घोकणाऱ्याच्या डोक्यात यांपैकी जो अर्थ आधी शिरला, तोच तो सर्वत्र लावीत सुटतो.

मग आरंभ कोठून करावा? माझ्या मते शरीरापासून. हृदयाचे चार कप्पे, त्यांच्या मधल्या झडपा आणि रक्ताचा मार्ग ज्याला कागदावर काढून दाखविता येतो, त्याला ‘एमआर’, ‘एएस’, ‘एलव्हीएच’, ‘एएफ’ हे संक्षेप सांगावे लागत नाहीत, ते त्याला आपोआप उलगडतात. शरीराच्या खालोखाल शब्दांची घडण समजून घ्यावी, कारण वैद्यकाची इंग्रजी परिभाषा ही खरे म्हणजे इंग्रजी नसून ग्रीक आणि लॅटिन तुकड्यांची जोडणी आहे, आणि ज्याने शाळेत संस्कृतचे उपसर्ग व प्रत्यय थोडेफार पाहिले आहेत अशा मराठी विद्यार्थ्याला ती जोडणी इंग्रजी मुलांपेक्षाही सोपी जावी अशी स्थिती आहे. ग्रीक ‘हायपर’ आणि संस्कृत ‘उपरि’, ‘हायपो’ आणि ‘उप’, ‘पेरि’ आणि ‘परि’, ‘डिस’ आणि ‘दुस्’, ‘यू’ आणि ‘सु’, ‘हेमि’ आणि ‘सामि’ ही एकाच मूळ घराण्यातली भावंडे आहेत; नकारार्थी ‘अ’ तर दोन्हीकडे एकसारखाच, आणि पुढे स्वर आला की त्याचा ‘अन्’ होतो हा नियमही एकच, म्हणून जसे आपल्याकडे ‘अपूर्ण’ पण ‘अनावश्यक’, तसेच तिकडे श्वास थांबणे ‘ॲप्निया’ पण लघवी थांबणे ‘ॲन्यूरिया’. अवयवांच्या नावांतही हे नाते लपलेले नाही: अस्थि आणि ‘ऑस्टिऑन’, हृद् आणि ‘कार्डिया’, यकृत आणि ‘हेपार’, जानु आणि गुडघ्याचे लॅटिन नाव ‘जेनू’, नासा आणि ‘नेसस’. हे भाषाशास्त्र मी येथे पांडित्य मिरविण्यासाठी आणलेले नाही; ‘पेरिकार्डायटिस’ हा शब्द ज्याला परिहृदयाचा दाह असा दिसतो, त्याला तो पुन्हा पाठ करावा लागत नाही, हा त्याचा रोकडा उपयोग आहे. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने काढलेले शरीर परिभाषा कोश आणि विकृतिशास्त्र परिभाषा कोश या कामी उशाशी ठेवण्यासारखे आहेत. त्यांतील प्रतिशब्द कोणी बोलत नाही ही तक्रार खरी असली, तरी संज्ञेचे पोट फोडून आतला अर्थ दाखविण्याचे काम ते चोख करतात.

एक गोष्ट मात्र गोंधळ उडविते, ती अशी की एकाच अवयवाला ग्रीक आणि लॅटिन अशी दोन्ही नावे लागतात. मूत्रपिंडाचा दाह ‘नेफ्रायटिस’ आणि ते काढून टाकणे ‘नेफ्रेक्टमी’, परंतु त्याच मूत्रपिंडाची धमनी ‘रीनल’. फुफ्फुसाचा दाह ‘न्यूमोनिया’, पण त्याची रक्तवाहिनी ‘पल्मनरी’. रोगांची आणि शस्त्रक्रियांची नावे बहुशः ग्रीक, आणि रचनेची विशेषणे बहुशः लॅटिन, एवढा ठोकताळा ध्यानात ठेवला की निम्मा त्रास वाचतो.

शब्दांच्या शेवटाकडे अधिक सावधपणे पाहावे, कारण तेथे एका अक्षराच्या फरकाने शस्त्रक्रिया बदलते आणि शस्त्रक्रिया बदलली की बिल बदलते. ‘-एक्टमी’ म्हणजे काढून टाकणे, ‘-ऑटमी’ म्हणजे छेद घेणे, ‘-ऑस्टमी’ म्हणजे तोंड करून देणे. श्वासनलिकेला नुसता छेद घेतला की तिला बाहेरून वाट करून दिली, हे या ‘स’वर ठरते. ‘डिस्फेजिया’ ही गिळण्याची अडचण आणि ‘डिस्फेझिया’ ही बोलण्याची. आपल्या उच्चारात ‘ज’ आणि ‘झ’ यांची सरमिसळ पुष्कळदा होत असल्याने कानावर विसंबू नये. ‘इलियम’ नावाची तर दोन ठिकाणे आहेत, एक लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि दुसरे कमरेचे हाड; उच्चार एकच, इंग्रजी लेखनात मधले अक्षर तेवढे ‘ई’ किंवा ‘आय’. ‘मायलो’ हा तुकडा पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूलाही लागतो आणि हाडातल्या मगजालाही. ‘ॲबडक्शन’ आणि ‘ॲडक्शन’ हे परस्परविरुद्ध शब्द ऐकताना इतके सारखे लागतात की काळजी घेणारे डॉक्टर ध्वनिमुद्रणात ‘ए-बी-डक्शन’ असे अक्षर फोडून म्हणतात.

याच ठिकाणी आपल्याकडील विद्यार्थ्यांना वेगळी नडणारी एक बाब सांगून टाकतो. आपली पाठ्यपुस्तके आणि आपले डॉक्टर इंग्रजांच्या शिरस्त्याने चालत आले, आणि हिंजवडीत येणारे चार्ट मात्र अमेरिकन शिरस्त्याचे असतात. आपण पांडुरोगाच्या, सुजेच्या, अन्ननलिकेच्या इंग्रजी शब्दांत जे जोडस्वर लिहितो त्यांतील एक स्वर अमेरिकन माणूस गाळतो. सबब संकेतसंहितेच्या अनुक्रमणिकेत ‘इडीमा’ हा शब्द ‘ओ’खाली शोधीत बसणाऱ्याला तो सापडत नाही, कारण तो ‘ई’खाली असतो. आपल्या रुग्णालयात शस्त्रक्रियेआधी रुग्णाला उपाशी ठेवावयाचे असले की कागदावर ‘एनबीएम’ लिहितात, तेथे ‘एनपीओ’. आपले ‘टीडीएस’ तेथे ‘टीआयडी’. गरज लागल्यास द्यावयाच्या औषधापुढे आपण ‘एसओएस’ लिहितो, ते ‘पीआरएन’ लिहितात. आपला रुग्ण सल्ला धुडकावून घरी गेला तर ‘डामा’, त्यांचा ‘एएमए’. ‘ओटी’ म्हणजे आपल्याला ऑपरेशन थिएटर वाटते, परंतु अमेरिकन चार्टमध्ये ती ऑक्युपेशनल थेरपी असते आणि शस्त्रक्रियेच्या दालनाला ‘ओआर’ म्हणतात. ‘ओडी’ हा आपल्याकडे दिवसातून एकदा, आणि तिकडे नेत्रतज्ज्ञाच्या टिपणीत तो उजवा डोळा. तारखेचेही तेच: ०३/०४ ही आपली ३ एप्रिल, त्यांची ४ मार्च.

या सर्वांत अधिक नुकसान करणारा फरक ‘एच/ओ’ या दोन अक्षरांत आहे. आपल्या वॉर्डात ‘एच/ओ डीएम’ असे लिहिले की रुग्णाला मधुमेह आहे, आजही आहे, असेच सर्वजण समजतात. परंतु अमेरिकन संकेतनियमांच्या दृष्टीने ‘हिस्टरी ऑफ’ याचा अर्थ तो आजार होऊन गेला, आता नाही, असा होतो. स्तनाच्या कर्करोगावर उपचार चालू असतील तर संकेत ‘सी५०’ या गटातला, आणि उपचार संपून रोग निपटला असेल तर ‘झेड८५.३’; या दोहोंमधले अंतर विम्याच्या रकमेत फार मोठे असते, आणि चार्टमध्ये मात्र दोन्ही ठिकाणी ‘एच/ओ सीए ब्रेस्ट’ एवढेच असण्याचा संभव असतो. येथे औषधांची यादी वाचावी, शेवटची केमोथेरपी केव्हा झाली ते पाहावे, पुढील भेटीची योजना काय आहे ते पाहावे, आणि मगच हात उचलावा.

आता एक नमुना जवळून पाहू. बाह्यरुग्ण विभागातील टिपणी अशी आहे असे समजा: ‘६७ वाय/ओ एम विथ एचटीएन, टीटूडीएम, सीकेडी थ्री-ए. सी/सी एसओबी × ३ डी. डिनाइज सीपी. बीएलई इडीमा २+. आर/ओ सीएचएफ.’ सरळ भाषेत: ६७ वर्षांचा पुरुष, रक्तदाब, दुसऱ्या प्रकारचा मधुमेह, मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार तिसऱ्या ‘अ’ टप्प्याचा, मुख्य तक्रार तीन दिवसांपासून धाप, छातीत दुखत नाही म्हणतो, दोन्ही पायांवर सूज, हृदयाची पंगुता आहे की काय ते तपासून पाहावयाचे आहे. (‘एसओबी’ हा संक्षेप इंग्रजी बोलणाऱ्या रुग्णाच्या नजरेला पडला तर ती त्याला शिवी वाटते, हे जाता जाता.) यादी पाठ केलेला नवशिका एवढ्यावर खूश होतो, आणि मधुमेहाला ‘ई११.९’, रक्तदाबाला ‘आय१०’, मूत्रपिंडाला ‘एन१८.३१’ असे तीन सुटे संकेत लावून मोकळा होतो. त्याने सर्व संक्षेप बरोबर सोडविले आणि तरीही त्याचे उत्तर चुकले. कारण अमेरिकन संहितेच्या नियमाप्रमाणे मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार एकाच रुग्णात असले, रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा विकार एकाच रुग्णात असले, तर डॉक्टराने उलट लिहिलेले नसेपर्यंत त्यांचा परस्परसंबंध गृहीत धरावयाचा असतो. म्हणून योग्य संकेत ‘ई११.२२’, ‘आय१२.९’ आणि त्यांच्या जोडीला ‘एन१८.३१’.

पुढे ‘डिनाइज सीपी’ येथे ‘सीपी’ म्हणजे छातीतले दुखणे, बालरोगाच्या चार्टमधला सेरेब्रल पाल्सी नव्हे, हे शेजारच्या धापेवरून कळते. आणि ‘डिनाइज’ म्हटल्यावर त्याला संकेतच लागत नाही. शेवटचे ‘आर/ओ सीएचएफ’ ही खरी परीक्षा आहे. बाह्यरुग्णाच्या बाबतीत ‘रूल आउट’, ‘संशय’, ‘बहुधा’ असे लिहिलेले निदान ठरलेले मानावयाचे नाही, असा स्पष्ट नियम आहे. तेथे धापेला ‘आर०६.०२’ आणि सुजेला ‘आर६०.०’ असे लक्षणांचेच संकेत द्यावे लागतात. तोच रुग्ण दाखल होऊन सुट्टीच्या वेळीही निदान ‘बहुधा’ याच शब्दात राहिले, तर मात्र आंतररुग्णाच्या नियमाने ते असल्याप्रमाणे धरतात. आणि ज्याने ‘आर/ओ’कडे काणाडोळा करून पंगुतेचा संकेत ठोकला, त्याला ‘आय१२.९’ बदलून ‘आय१३.०’ही लावावा लागेल, म्हणजे एका दुर्लक्षातून दोन खोट्या नोंदी तयार होतील आणि नसलेला हृदयरोग त्या माणसाच्या दप्तरात वर्षानुवर्षे फिरत राहील.

टिपणीत संक्षेप कोठे बसला आहे हेही अर्थ सांगते. डॉ. लॉरेन्स वीड यांनी १९६८ मध्ये रुग्णाचे दप्तर त्याच्या समस्यांभोवती रचावे असे मांडले, आणि त्यातून निघालेली सोप नावाची चौकट, म्हणजे रुग्ण काय सांगतो, डॉक्टराला काय आढळते, त्याचे मत काय आणि पुढची योजना काय, ही आज सर्वत्र रूढ आहे. ‘पीई’ दुसऱ्या भागाच्या माथ्यावर असेल तर ती शारीरिक तपासणी. तोच तिसऱ्या भागात असेल तर फुफ्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी. ‘बीएस’ छातीच्या ओळीत श्वासाचा आवाज, पोटाच्या ओळीत आतड्यांचा आवाज, आणि प्रयोगशाळेच्या रकान्यात रक्तातील साखर.

काही संक्षेप असे आहेत की ते वाचण्याची कला शिकण्यापेक्षा त्यांचा वापर बंद करणेच शहाणपणाचे ठरले. अमेरिकेच्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये अशा निषिद्ध संक्षेपांची अधिकृत यादी केली. इन्सुलिनच्या आकड्यापुढे युनिटसाठी लिहिलेला ‘यू’ शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात, ‘क्यूडी’ घाईत ‘क्यूआयडी’ वाचला जातो आणि दिवसातून एकदाचे औषध चारदा पोटात जाते, १.० मधला ठिपका पुसट असला की दहा, आणि .५ मधला ठिपका हरवला की पाच. मॉर्फिन सल्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट यांचे रासायनिक संक्षेप एकमेकांशी घोटाळतात. आपल्या येथेही वैद्यकीय आचारनियमांतील २०१६ च्या सुधारणेने डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावे असे ठरले आहे, आणि जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याखाली डॉक्टर मृत्यूच्या कारणाचा जो दाखला भरतो, त्यात संक्षेप वापरू नये अशी सूचना आहे. या दाखल्याचे आणि कोडिंगचे नाते जुने आहे: ज्याक बर्तियों यांनी १८९३ मध्ये केलेल्या मृत्यूच्या कारणांच्या वर्गवारीतूनच आजची आंतरराष्ट्रीय संहिता वाढली, १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली, आणि अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ रोजी तिची दहावी आवृत्ती आपल्या फेरफारांसह लागू केली तेव्हा निदानांचे संकेत सुमारे १४ हजारांवरून ७० हजारांच्या घरात गेले.

आता अभ्यासाच्या रोजच्या पद्धतीविषयी. आपला स्वतःचा कोश तयार करावा, परंतु तो अक्षरानुक्रमे न करता विभागवार करावा: हृदयाची काही पाने, हाडांची काही, प्रसूतीची काही, आणि प्रत्येक संक्षेपापुढे पूर्ण रूप, तो कोणत्या शाखेत आढळला, आणि कोणत्या दुसऱ्या अर्थाशी त्याचा घोटाळा होतो, एवढे लिहावे. पुष्कळ कचेऱ्यांत कामाच्या जागी मोबाइल, कागद किंवा पेन नेता येत नाही. हा जाच नसून अमेरिकेच्या १९९६ च्या हिपा कायद्याने रुग्णाच्या गुप्ततेचे जे बंधन घातले आहे त्याचा तो परिणाम आहे, म्हणून वही घरी, आठवणीने लिहावी आणि तीत रुग्णाचे नाव, जन्मतारीख किंवा गाव यांचा मागमूस असू नये. आठवणीने लिहिण्यात तोटा नाही, उलट जे आठवत नाही ते शिकून झालेले नाही हे त्याच रात्री कळते. वाकडहून शिवाजी चौकापर्यंत कॅबमध्ये जो वेळ कोंडीत जातो, तो उजळणीला पुरेसा आहे. हिंजवडीत राहणाऱ्याला तेथील रहदारीविषयी याहून अधिक काही सांगण्याची गरज नाही.

सर्व करूनही अर्थ लागेना तर विचारावे. या व्यवसायात प्रश्न विचारण्याला क्वेरी म्हणतात, आणि ती कशी लिहावी याचाही शिरस्ता आहे. ‘रुग्णाला हृदयाची पंगुता आहे ना?’ असे विचारले तर उत्तर डॉक्टराच्या तोंडी घातल्यासारखे होते आणि ऑडिटमध्ये ती क्वेरी बाद होते. ‘टिपणीच्या मतभागात एमएस असा उल्लेख आहे, कृपया पूर्ण रूप स्पष्ट करावे’ असे तटस्थपणे लिहावे. दिवसाचा आकडा पुरा करण्याच्या धाकाने नवशिके क्वेरी टाळतात आणि अंदाजाने संकेत लावतात. त्यांच्यावरील वरिष्ठांनी हा धाक कमी करावा, असे मला स्पष्ट म्हणावेसे वाटते.

क्लासविषयी दोन शब्द. महिन्यादोनमहिन्यांत कोडर करून हमखास नोकरी देण्याच्या जाहिरातींना भुलण्यापूर्वी तेथे शरीररचना किती तास शिकवितात आणि खरे, नावे पुसलेले चार्ट किती सोडवून घेतात याची शहानिशा करावी. कोडरची पात्रता ठरविणारी सीपीसी ही परीक्षा घेणारी संस्था एएपीसी आहे. तीत १०० प्रश्न, ४ तास आणि उत्तीर्ण होण्यास ७० टक्के गुण असा नियम आहे, आणि मान्यताप्राप्त संकेतपुस्तके समोर ठेवण्याची मुभा असल्याने संकेत पाठ करणे निरर्थक ठरते. अनुक्रमणिका चाळण्याचा वेग आणि संज्ञांचे ज्ञान हेच तेथे कामाला येते. अनुभव नसलेल्याच्या पदवीपुढे काही काळ शिकाऊपणाचे ‘ए’ हे अक्षर राहते, याचे वाईट वाटून घेऊ नये. ज्यांना अमेरिकन बिलांपलीकडे, आपल्या देशातील डिजिटल आरोग्यनोंदींच्या कामात पडावयाचे आहे, त्यांनी पुण्यातच सी-डॅकमध्ये असलेल्या राष्ट्रीय संसाधन केंद्राचे साहित्य पाहावे. भारत २०१४ मध्ये स्नोमेड सीटी हा वैद्यकीय संज्ञासंग्रह चालविणाऱ्या संस्थेचा सदस्य झाल्यापासून तो संग्रह येथे विनामूल्य वापरता येतो, आणि एका संकल्पनेला किती पर्यायी नावे असतात हे त्यात शोधून पाहण्यासारखा दुसरा व्यायाम नाही.

शेवटी संकेतपुस्तक विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना: निदानांच्या अमेरिकन संहितेची नवी आवृत्ती दरवर्षी १ ऑक्टोबरला आणि उपचारांच्या सीपीटी संहितेची १ जानेवारीला लागू होते, तेव्हा पदपथावर स्वस्तात मिळणारी गेल्या वर्षीची प्रत घेऊ नये.